चमचाभर सब्जा

चैत्र लागला की माझं ताकावरचं मन उडतं. आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना ताक लागतं. सून सकाळीच तांब्या भरून फ्रिजमध्ये ठेवते, वरून जिरेपूड, कोथिंबीर, सगळी हौस. मी घेत नाही. "आई, एवढं ऊन आहे, घोटभर घ्या की," ती म्हणते. मी म्हणते, मला खोकला होतो. खोटं आहे ते. ऐंशीच्या घरात आले तरी साधं, छोटं खोटं मला न अडखळता बोलता येतं, आणि ही विद्या मी कुठं शिकले तेही मला चांगलं ठाऊक आहे.

यंदा तर चैत्राच्या तोंडावरच पुण्याहून नातीचा फोन आला. रेवाचं पोट वर्षभर बिघडलेलं आहे. सगळ्या तपासण्या झाल्या, आता डॉक्टरांनी खाण्याचीच चाळण लावली आहे. गहू बंद, दूध बंद, डाळी, दाणे, अंडी बंद. भात, दोन-तीन भाज्या आणि एखादं फळ, सहा आठवडे एवढंच. मग एकेक पदार्थ परत सुरू करायचा आणि कोणता सोसतो, कोणता नाही ते बघायचं. "आजी, त्या यादीत चियाचं नावच नाही गं. ना चालतंमध्ये, ना बंदमध्ये. चालेल का? चमचाभर तर असते. आणि ते काही अन्न थोडंच आहे, नुसत्या बिया आहेत." चिया मी पाहिली आहे. पाण्यात टाकली की फुगते, प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत पापुद्रा धरते, आपल्या सब्जासारखीच. मी एकदम तडकले. म्हटलं, "ज्यानं यादी केली त्याला विचार. आणि विचारायच्या आधीच खाऊन झाली असेल तर तेही सांग त्याला." पोरीनं "चिडतेस कशाला गं?" म्हणून फोन ठेवला.

तिची काही चूक नाही. "ते काही अन्न थोडंच आहे" हे वाक्य तिचं नाहीच. साठ वर्षांपूर्वी ते मी बोलले होते, जानेफळच्या घरात, ओसरीवर, ऐन उन्हात.

महाराष्ट्र तेव्हा नवानवाच झालेला. आम्हाला त्याचं काय, आमच्या मेहकर तालुक्यात ऊन तेच होतं. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती, आणि त्यावरून घरात कोण काय बोलतं ते माझ्या कानावर पडेल एवढ्याच मोठ्यानं बोललं जायचं. फाल्गुनात माझी नणंद, कमळाबाई, दुसरबीडहून माहेरी आली. आली म्हणजे आणली. बैलगाडीत गादी घालून, तिच्यावर आडवी करून. बाळंतपणानंतर तिला संग्रहणी लागली होती. खाल्लं की तासाभरात पोट वाहून जायचं. वर्षभरात अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. सासरच्यांनी निरोप दिला होता, "बरी करून धाडा. पोट्टी आमच्यापाशी राहू द्या, तिची काकू सांभाळते." पोट्टी म्हणजे सुमी, सव्वा वर्षाची. गाडीतून उतरताना कमळाबाई पहिलं वाक्य बोलली ते हेच की, "माय, मले लवकर बरी कर व. पोट्टी मले इसरून जाईन."

मेहकरला एक वैद्य होते. त्यांनी तिला तपासलं आणि ताकावर ठेवली. चाळीस दिवस फक्त ताक. गाईचं, रोजचं ताजं, लोणी पूर्ण काढलेलं. पाणी नाही, मीठ नाही, अन्नाचा कण नाही. चाळीस दिवसांनी एकेक जिन्नस सुरू करायचा, आणि एक सोसला की मगच दुसरा. "दोन गोष्टी एकदम पोटात जाऊ द्यायच्या नाहीत," ते म्हणाले. "एकदम गेल्या तर चोर कोणता ते कळत नाही." हे ते माझ्याकडे बघून म्हणाले, कारण मी सातवी पास होते. घरात बायकांमध्ये अक्षर ओळखणारी मी एकटीच. चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि पथ्याची किल्ली माझ्या कमरेला आली.

मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांत मला कुणी कशाला विचारलं नव्हतं. आता सासूबाईसुद्धा म्हणायच्या, "सूनबाईले इचारा."

पहाटे उठून मी ताक घुसळायची. रवीच्या दोरीनं तळहाताला घट्टे पडले. लोण्याचा गोळा वर आला की काढायचा, परत घुसळायचं, परत काढायचं, बोटाला चिकटपणा लागेनासा होईपर्यंत. मग ते मडक्यात ओतून ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं. दर दीड-दोन तासांनी पेला भरून द्यायचा. अंगाला, पदराला, केसांना, सगळ्याला ताकाचा आंबूस वास. माझा नवरा एकदा हसून म्हणाला, "घरात दोन गाई झाल्या." मला हसू आलं नाही.

आणि नेमकी ती उन्हाळी कामांची वेळ. ज्यांनी ती कामं केली आहेत त्यांना सांगायला नको. अंगणात चुलाणावर कुरडयांचा चीक शिजायचा, त्याचा तो आंबटगोड वाफाळता वास घरभर. शेजारणी जमायच्या, पापडाच्या लाट्या करायच्या, तेलात बोट बुडवून एक लाटी तोंडात टाकायच्या. पोरं गरम चिकावर साखर घालून खायची. शेवया बाजांवर वाळत पडायच्या. या सगळ्याच्या मधोमध, ओसरीवरच्या खांबाला टेकून कमळाबाई बसायची, हातात ताकाचा पेला. घरात बस म्हटलं तर बसायची नाही. म्हणायची, "वास तरी घेऊ दे."

पण ती सुधारत होती. पंधराव्या दिवशी पोट धरलं. विसाव्या दिवशी ती स्वतः उठून न्हाणीपर्यंत गेली. गालावर थोडा रंग आला. मग तिला दुसरंच दुःख सुरू झालं. भूक नव्हती ती, ताकानं पोट भरायचं. "वयनी," ती म्हणायची, "मले काहीतरी दाताखाली येऊ दे व. नुसतं पिऊन पिऊन माहे दात गळून पडतीन." दिवसातून दहा वेळा. आधी विनवणी, मग चिडचिड, मग नुसतं बघत राहणं. मी भाकरीचा तुकडा मोडला की तिची नजर माझ्या जबड्यावर असायची.

आता आमच्या सासूबाईंचे उपास सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चौथ, एकादशी, सोमवार, शनिवार. आठवड्यातले निम्मे दिवस बाई उपाशी, आणि उपाशी म्हणजे काय, तर भगरीचा ढीग, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, शिंगाड्याचा शिरा. वरून दुपारी दुधात भिजवलेला सब्जा, पोटाला थंड म्हणून. एवढं खाऊन ढेकर द्यायच्या आणि म्हणायच्या, "सकायपासून अन्नाचा कण नाई पोटात." त्यात काही ढोंग नव्हतं बरं का. तो त्यांचा शुद्ध विश्वास होता, आणि माझाही होता. उपासाला चालतं ते अन्न नव्हे. अन्न म्हणजे ज्वारी, गहू, तूर. बाकीचं फराळ. माझ्या आईच्या घरीही हेच. आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं.

चैत्रातल्या चौथीला सासूबाईंनी सब्जा भिजवला होता. मेहकरच्या बाजारात जडीबुटी विकणारा एक अत्तार बसायचा, त्याच्याकडून आणलेला. तो त्याला तुकमराई म्हणायचा आणि पुडी बांधताना न चुकता सांगायचा, "बहोत ठंडी चीज है, बेटी." दुपारी सासूबाई आडव्या झाल्या. वाटीत चमचाभर सब्जा उरला होता. कमळाबाईनं वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "वैद्यांनी अन्न बंद केलंय. हे काही अन्न थोडंच आहे." आणि तिच्या ताकाच्या पेल्यात तो चमचा रिता केला.

तिनं तो घोट गिळला नाही. दाढेखाली धरला आणि एकेक दाणा फोडत बसली. डोळे मिटलेले. कितीतरी वेळ. शेवटी म्हणाली, "चावलं व काहीतरी." तिच्या तोंडावर जो आनंद होता तो मी पुढं फार थोड्या माणसांच्या तोंडावर बघितला.

दयेनं दिला, असं मी पुढं अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. दया होतीच. पण त्या दुपारी तिची कटकट थांबावी आणि मला तासभर पडायला मिळावं, हेही होतं. आणि आणखी एक, ते बोलायला जीभ रेटत नाही. ती नणंद, मी भावजय. बरी होती तेव्हा माझ्या पुरणात वेलदोडा कमी पडला म्हणून चारचौघींत बोलली होती. तीच आता माझ्या हातातल्या चमच्याकडे बघत होती. ते मला आवडलं होतं.

मग रोजच झालं. चमच्याचा सब्जा वाटीभर कधी झाला ते दोघींनाही कळलं नाही. सासूबाई झोपल्या की मी भिजवायची आणि ती चावायची. दहा-बारा दिवस तिला काहीही झालं नाही. चाळीस दिवस भरले. वैद्यांनी पहिला जिन्नस सुरू केला, ज्वारीच्या लाह्यांची पातळ पेज. घरात जणू सण. कमळाबाईनं दुसरबीडला निरोप धाडला, अखजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली की आठ दिवसांनी गाडी पाठवा.

चौथ्या दिवशी पोट परत वाहू लागलं. पहिल्यासारखंच, किंबहुना जास्त. दोन दिवसांत चाळीस दिवसांची कमाई वाहून गेली.

एसटीनं आम्ही तिला मेहकरला नेलं, सासूबाई, ती आणि मी. वैद्यांची ती खोली मला अजून दिसते. काचेच्या बरण्या, ओल्या वाळ्याच्या पडद्याचा वास, भिंतीला टेकून बसलेली कमळाबाई. त्यांनी नाडी बघितली आणि मग विचारलं, "ताक आणि लाह्या. याशिवाय काही पोटात गेलं?" मलाच विचारलं, तिला नाही. चिठ्ठी माझ्याकडे होती ना. सासूबाई माझ्या मागं उभ्या होत्या. त्यांचा श्वास मानेवर जाणवत होता. मला माहेरी पोचवायला घरात निमित्तच हवं होतं, आणि एवढं चांगलं निमित्त परत मिळालं नसतं. मी मनात म्हटलं, त्यांनी अन्नाचं विचारलंय आणि सब्जा काही अन्न नाही. मी म्हटलं, "नाही जी." तेव्हा कमळाबाईनं मान खाली घातली.

"मग ज्वारीच," वैद्य म्हणाले. "हिला ज्वारी सोसत नाही. आता नाही, पुढंही नाही. जन्मात शिवायची नाही." आणि परत पहिल्यापासून चाळीस दिवस ताक.

त्या माणसाला मी दोष देत नाही. त्यांनी अगदी बरोबर प्रश्न विचारला होता.

परतीच्या एसटीत कमळाबाई बोटांवर मोजत होती. वैशाख, जेठ. मग म्हणाली, "आखाड लागन." घरी आल्यावर मी सब्जाची पुडी उकिरड्यात पुरली. म्हणजे सब्जाही बंद झाला आणि ज्वारीही बंद झाली, दोन्ही एका दिवशी. यावेळी ती बरी झाली, पक्की बरी झाली. वैद्यांनी नंतर भगर सुरू केली, ती सोसली. मुगाचं वरण सोसलं. सगळ्यांना पटलं की चोर ज्वारीच होती. सब्जाच चोर होता असं मीही छातीठोक सांगू शकत नाही. कदाचित लाह्याच असतील, कदाचित दोन्ही मिळून. कळायची एकच वेळ होती आणि ती मी घालवली.

परवा रेवाचा मेसेज आला. डॉक्टर म्हणाले, चिया सध्या नको, अगदी शेवटी एकटी देऊन बघू. खाली लिहिलं होतं, "आणि आधी दोनदा खाल्ली होती तेपण सांगितलं. ते काही रागावले नाहीत." मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. एवढंच असतं ते. एवढंसं वाक्य.

त्या वर्षी आषाढात मी कमळाबाईला पोचवायला दुसरबीडला गेले. रस्त्यावर चिखल, गाडीचं चाक दोनदा रुतलं. ती सगळी वाट सुमीसाठी शिवलेलं झबलं मांडीवर घेऊन बसली होती. दारात तिची जाऊ उभी होती, कडेवर सुमी. कमळाबाईनं हात पुढं केले. सुमीनं तोंड फिरवलं आणि काकूच्या खांद्यात खुपसलं. "जा, तुही माय आहे थे," जाऊ म्हणाली. ती चांगली बाई होती, तिला खरंच वाईट वाटलं. पोरगी किंचाळून रडायला लागली. झबलं तिला होईना, दंडात अडकलं. पोरगी वाढली होती.

पुढं सगळं मार्गी लागलं, असंच म्हणायचं. पण सुमी काकूला "माय" म्हणायची आणि आईला "बाई". शाळेत जायला लागली तरी, लग्न झालं तरी. कमळाबाईला दुसरं मूल झालं नाही. ती कधी तक्रार करायची नाही. तिच्यासाठी वेगळी चूल, वेगळं पातेलं, भगर आणि वरण. लग्नाकार्यात पंगतीला बसायची नाही, डबा घेऊन माजघरात जायची. बायका थट्टेनं म्हणायच्या, "कमळाबाईले रोजच एकादस." हुरड्याच्या दिवसांत सगळा गोतावळा शेतावर जमायचा. ती आगटीपाशी बसून कणसं भाजायची, हातावर चोळायची, फुंकर मारून कोवळे हिरवे दाणे सगळ्यांच्या पुढ्यात टाकायची. मग तळव्याला चिकटलेले दोन-चार दाणे झटकून टाकायची. मी तिच्यासमोर बसून हुरडा खाल्ला आहे. एक वर्ष नाही, चाळीस वर्षं.

एकदा मी कुणाकडून तरी म्हणवलं, आता थोडी भाकरी खाऊन बघ, वैद्यांना जाऊनही जमाना झाला. ती म्हणाली, "एकदा पोट्टी गेली. आता कायले पाहू?"

चार वर्षांमागं ती माझ्याकडे राहायला आली. तिचा नवरा गेला होता, सुमी नागपूरला. आम्ही दोघी म्हाताऱ्या, दुपारी पंख्याखाली. बाहेर चैत्राचं ऊन. मी कसलीच प्रस्तावना न करता बोलून टाकलं. म्हटलं, बाई, त्या वेळी मी वैद्यांना खोटं सांगितलं. सब्जाचं सांगितलं नाही.

ती म्हणाली, "मले का माहीत नव्हतं? खाल्ला तर मीच."

"मग तुम्ही काऊन नाही सांगितलं?"

"मी तुह्याकडं पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "तुले वाचता येत होतं, वयनी. तू नाई म्हटलं, तं मले वाटलं, तुले कळते. सब्जानं काही होत नसन."

मला वाटलं होतं, ती रागावेल किंवा जाऊ दे म्हणेल. दोन्हींची मी तयारी केली होती. या उत्तराची केली नव्हती.

संध्याकाळी तीच म्हणाली, "एक भाकर टाक." मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. ती म्हणाली, "माय नाई, वैद्य नाई, माहा नवरा नाई. आता कोणाले भ्यायचं?" मी पीठ मळलं. थापताना भाकरी एका बाजूला फाटली. तिनं चतकोर घेतली, मिठातेलाबरोबर. हळूहळू चावली, तेव्हा ओसरीवर सब्जा चावला होता तशीच डोळे मिटून.

त्या रात्री मला झोप नाही. सकाळी मी मोरीच्या दाराशी कान देऊन उभी. काही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी खाल्ली. तिसऱ्या दिवशी एक. मी रोज देवाला विनवत होते, आणि काय विनवत होते ते ऐका. हिला काहीतरी होऊ दे. थोडंसं. एकदा पोट बिघडू दे, म्हणजे ज्वारीच चोर ठरेल आणि मी सुटेन. एवढी मी नीच. पण काही झालं नाही. आठ दिवस झाले, तिच्या तोंडावर तेज आलं, वजनही वाढलं असेल.

नवव्या दिवशी तिनं दोन भाकरी खाल्ल्या, ताट पुसून घेतलं. मी समोर बसले होते. तिच्या आवाजात राग नव्हता, मला ऐकवायचं म्हणूनही ती बोलली नाही. हिशेब जुळल्यावर माणूस स्वतःशी बोलतं तसं बोलली.

"म्हंजे तवाही ज्वारीनं काही झालं नसतं," ती म्हणाली. "पोट्टी मले माय म्हणली असती."